फाईल कुठे राहते, हे आधी शिकवा: सामूहिक कामाची सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या प्रशिक्षकांसाठी

नोकरदार मंडळींना टीम्स, शेअरपॉइंट, गूगल ड्राइव्ह किंवा स्लॅक शिकवायला उभा राहणारा प्रशिक्षक बहुधा त्या सॉफ्टवेअरमध्ये मुरलेला असतो, आणि वर्ग अनेकदा फसतो तो त्या मुरलेपणामुळेच. त्याला पडद्यावरचे प्रत्येक बटण ठाऊक असते, म्हणून तो प्रत्येक बटण दाखवतो. तीन तासांत चाळीस सोयी दाखवून होतात, समोरची माणसे माना डोलावतात, अभिप्रायाच्या फॉर्मवर ‘उत्तम’ अशी खूण करतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यापैकीच कोणीतरी ‘अहवाल_अंतिम_सुधारित_२’ नावाची फाईल ईमेलला जोडून सात जणांना पाठवते. मी स्वतः पहिली काही वर्षे असेच वर्ग घेतले. पुढच्या सूचना त्या वर्षांतल्या चुकांतून आलेल्या आहेत आणि ज्यांना सॉफ्टवेअर चांगले येते पण शिकवण्याचा सराव नाही, अशा प्रशिक्षकांसाठी आहेत.

एकट्याने वापरायचे सॉफ्टवेअर बटणांच्या क्रमाने शिकवता येते, कारण तिथे झालेली चूक करणाऱ्याच्याच पडद्यावर राहते. सामूहिक कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाने केलेली चूक दुसऱ्याच्या पडद्यावर उमटते: एकाने फोल्डरचे नाव बदलले की दुसऱ्याला तो सापडत नाही, आणि एकाने चुकीच्या लोकांना लिंक पाठवली की तिसऱ्याचा गोपनीय तक्ता बाहेर जातो. एकच मजकूर दोन ठिकाणच्या माणसांनी एकाच वेळी पडद्यावर हाताळण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकी संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील प्रात्यक्षिकात ती करून दाखवली होती. पुढे १९८९ मध्ये लोटस नोट्स, २००१ मध्ये शेअरपॉइंट, २०१३ मध्ये स्लॅक आणि २०१७ मध्ये टीम्स असा प्रवास झाला. इतकी वर्षे गेली तरी फाईल जोडून पाठवण्याची सवय टिकून आहे, याचे कारण साधे आहे: जोडलेली फाईल आपल्याजवळ राहते याची खात्री वाटते, आणि लिंकमागची फाईल नेमकी कुठे आहे हे कोणी समजावून सांगितलेले नसते.

तीन प्रश्न

म्हणून माझा सगळा अभ्यासक्रम तीन प्रश्नांवर उभा असतो. ही फाईल कुठे राहते? ती कोणाला दिसते? आणि ती बदलली किंवा पुसली गेली तर आधीची कुठे मिळते? सॉफ्टवेअर कोणतेही असो, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येतात तो उरलेली बटणे स्वतः शोधून काढतो. ज्याला ती देता येत नाहीत, त्याला बटणे पाठ असली तरी तो घाबरतच काम करतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रशिक्षकाला बारकाव्यासह माहीत हवे. टीम्सचे उदाहरण घेऊ. चॅनेलमध्ये, म्हणजे टीमच्या एका विषयाच्या चर्चेच्या जागेत, टाकलेली फाईल त्या टीमच्या शेअरपॉइंट साईटवर, त्या चॅनेलच्या नावाच्या फोल्डरमध्ये जाते. खासगी किंवा सामाईक प्रकारचे चॅनेल असेल, तर त्याला स्वतःची वेगळी साईट मिळते. पण तीच फाईल कोणी चॅटमध्ये टाकली, तर ती पाठवणाऱ्या व्यक्तीच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे तिच्या वैयक्तिक साठवणीच्या जागेत, जाते आणि चॅटमधल्या इतरांना फक्त तिची परवानगी मिळते. पडद्यावर दोन्ही ठिकाणी फाईलचे चित्र सारखेच दिसते, त्यामुळे हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. तो लक्षात येतो तेव्हा पाठवणाऱ्याने नोकरी सोडलेली असते: त्याचे खाते काढून टाकले जाते, आणि संस्थेने मुदत बदलून ठेवली नसेल तर ३० दिवसांनंतर त्याचे वनड्राइव्ह हटवले जाते. वर्षभर सगळे जण जी फाईल ‘आपली’ समजून वापरत होते, ती त्या एका माणसाची होती हे तेव्हा कळते. गूगल ड्राइव्हमध्येही ‘माझा ड्राइव्ह’ आणि ‘शेअर्ड ड्राइव्ह’ यांच्यात हाच भेद आहे. पहिल्यातली फाईल व्यक्तीच्या मालकीची असते, तर दुसऱ्यातली गटाच्या मालकीची असते आणि सदस्य निघून गेला तरी जागेवर राहते. हा एक भेद वर्गात नीट समजला, तर बाकी सगळा दिवस वाया गेला तरी वर्ग कारणी लागला असे मी मानतो.

दुसरा प्रश्न परवानग्यांचा. शेअरपॉइंटमध्ये साईटची परवानगी लायब्ररीला (साईटवरच्या फाईलींच्या कप्प्याला), लायब्ररीची फोल्डरला आणि फोल्डरची फाईलला आपोआप लागू होते. पण कोणी मधल्याच एखाद्या फाईलची लिंक बाहेरच्या माणसाला दिली, की त्या फाईलची परवानगी वरच्या साखळीतून तुटते आणि यापुढे तिचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. हे शब्दांत सांगून कोणाच्या डोक्यात शिरत नाही. मी फळ्यावर इमारत काढतो: मुख्य दाराची किल्ली असलेल्याला सगळ्या खोल्या उघडतात, आणि एका खोलीला वेगळे कुलूप लावले की त्या खोलीपुरता मुख्य किल्लीचा भरवसा संपतो. मग प्रत्यक्ष फाईल उघडून ‘परवानगी व्यवस्थापन’ या पानावर तेच कुलूप दाखवतो. लिंक देताना येणारे चार पर्याय, म्हणजे कोणीही, संस्थेतील सर्व, आधीच परवानगी असलेले, आणि ठरावीक व्यक्ती, हे एकेक करून निवडायला लावावेत. बहुतेकांनी ती खिडकी आजवर न वाचताच ‘कॉपी’ दाबलेले असते. संस्थेच्या ॲडमिनने काही पर्याय बंद ठेवले असतील तर ते तिथे फिके दिसतात. ते फिके का आहेत, हेही सांगावे.

तिसरा प्रश्न लोकांना सर्वांत जास्त धीर देतो, म्हणून तो लवकर घ्यावा. शेअरपॉइंट आणि वनड्राइव्हमध्ये फाईलच्या जुन्या आवृत्त्या साठवल्या जातात आणि हटवलेली फाईल कचरापेटीच्या दोन टप्प्यांत मिळून ९३ दिवस राहते. आपल्या हातून काही बिघडले तर ते परत आणता येते, हे एकदा स्वतः करून पाहिल्यावर माणूस पुढचे सगळे प्रयोग मोकळेपणाने करतो.

याखेरीज काही गोष्टी प्रशिक्षकाला ठाऊक असाव्यात, पण वर्गात आपणहून काढू नयेत. शेअरपॉइंटच्या यादीत ५,००० ची मर्यादा असते ती साठवणुकीची नव्हे, तर एका दृश्यात एका वेळी हाताळल्या जाणाऱ्या नोंदींची असते. फोल्डरांच्या नावांसह फाईलचा पूर्ण मार्ग ४०० अक्षरांपलीकडे गेला तर अडचण येते. कोणी फाईल ‘चेक आउट’ करून, म्हणजे फक्त स्वतःच्या संपादनासाठी अडवून ठेवली, तर इतरांना ती एकाच वेळी संपादित करता येत नाही, आणि ‘आमच्याकडे सगळ्यांना एकत्र लिहिता येत नाही’ या तक्रारीचे मूळ कित्येकदा एवढेच असते. प्रश्न आला तर उत्तर तयार असावे. प्रश्न आला नाही तर माहिती आपल्याजवळच ठेवावी. तज्ज्ञ प्रशिक्षकाला हे संयमाचे काम सगळ्यात अवघड जाते, मलाही जाते.

वर्गाआधीची कामे

प्रशिक्षणाची मागणी बहुधा मनुष्यबळ विभागाकडून येते आणि त्यात ‘टीम्सची सर्व वैशिष्ट्ये’ असे लिहिलेले असते. त्या मागणीवर थेट अभ्यासक्रम बांधू नये. ज्या गटाला शिकवायचे आहे त्यातल्या दोन-तीन जणांशी अर्धा तास बोलावे आणि एकच गोष्ट विचारावी: गेल्या आठवड्यात एकत्र मिळून कोणता दस्तऐवज तयार केला, आणि तो कोणाकडून कोणाकडे कसा गेला? या उत्तरात सगळे असते. लेखा विभागाचा तक्ता चार जणांकडे फिरून येतो, प्रकल्प विभागात बैठकीचे इतिवृत्त कोणाच्या तरी वैयक्तिक वहीत राहते, विक्रीच्या माणसांना सगळे मोबाईलवरून करावे लागते. शक्य असल्यास त्या दस्तऐवजाची, नावे आणि आकडे बदललेली, एक प्रत मागून घ्यावी. सरावासाठी ‘नमुना फाईल १’ देण्यापेक्षा त्यांच्याच नमुन्यातला तक्ता दिला, तर आपण काय शिकतो आहोत हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरे बोलणे संस्थेच्या ॲडमिनशी करावे आणि ते टाळू नये. बाहेरच्या पाहुण्यांना फाईल देता येते का, नवी टीम कोणीही तयार करू शकते का, बैठकीचे रेकॉर्डिंग चालू आहे का, मोबाईलवर संस्थेची फाईल उघडता येते का, हे सगळे प्रत्येक संस्थेत वेगळे असते. एकदा मी एका वर्गात पाहुण्याला आमंत्रण देण्याचा सराव मोठ्या उत्साहाने ठेवला होता आणि त्या संस्थेत ती सोय मुळातच बंद होती. वीस जणांच्या पडद्यावर एकाच वेळी लाल अक्षरे उमटली. तेव्हापासून मी वर्गाच्या आदल्या दिवशी, ॲडमिनचे अधिकार नसलेल्या साध्या खात्यातून सगळा सराव स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत करून पाहतो. प्रशिक्षकाच्या खात्याला जास्त अधिकार असतात, आणि त्यामुळे त्याला दिसणारा मेनू वर्गाला दिसतोच असे नाही.

सरावासाठी स्वतंत्र खाती मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास निदान स्वतंत्र टीम किंवा साईट तयार करून घ्यावी, म्हणजे चुकून खऱ्या कामाला धक्का लागत नाही. लॉगिनसाठी वेळ राखून ठेवावा. मोबाईलवर येणारा पडताळणीचा संकेतांक, विसरलेला पासवर्ड, ब्राउझरमध्ये आधीच उघडे असलेले वैयक्तिक खाते या तीन कारणांनी वर्गाची पहिली वीस मिनिटे जातात. शेवटच्या कारणावर सोपा उपाय आहे: सगळ्यांना ब्राउझरची खासगी खिडकी उघडायला सांगावी आणि त्यात फक्त सरावाचे खाते वापरावे.

एक सराव, जवळून

दीड तासाच्या सत्रात मी एकच सराव घेतो आणि तो जोडीने करायला लावतो. प्रत्येक जोडीला एक फोल्डर आणि त्यात मासिक खर्चाचा एक तक्ता दिलेला असतो. तक्त्यात दोन आकडे मुद्दाम चुकीचे टाकलेले असतात, आणि बरोबर आकडे जोडीतल्या दोघांकडे एकेका चिठ्ठीवर विभागून दिलेले असतात.

पहिल्या फेरीत जुनी पद्धत वापरायची. फाईल ईमेलने दोघांकडे जाते, दोघेही आपापल्या प्रतीत आपला आकडा दुरुस्त करतात आणि मग दोन्ही प्रती जुळवून एक करायला सांगितली जाते. सरासरी हुशार जोडीलाही यात सहा-सात मिनिटे लागतात. कोणीतरी कुरकुर करतेच, ‘एवढ्यासाठी वेळ कशाला घालवायचा?’ असे विचारतेच. ती कुरकुर होऊ द्यावी, मध्ये बोलू नये. दुसऱ्या फेरीत तोच तक्ता सामाईक फोल्डरमधून दोघांनी एकाच वेळी उघडायचा. आपल्या पडद्यावर दुसऱ्याच्या नावाची रंगीत चौकट एका घरातून दुसऱ्या घरात सरकताना पहिल्यांदा दिसते, तेव्हा वर्गात हमखास आवाज वाढतो. काम एका मिनिटात संपते. या दोन फेऱ्यांनंतर सामाईक फाईलचे फायदे सांगणारी एकही स्लाइड लागत नाही.

तिसऱ्या फेरीत जोडीतल्या एकाने तक्त्याचा अर्धा भाग पुसून फाईल बंद करायची. फाईल आपोआप जतन होते, त्यामुळे नुकसान खरे असते. आता दुसऱ्याने आवृत्त्यांचा इतिहास उघडून योग्य वेळेची प्रत परत आणायची. इथे घाई करू नये. यादीतली वेळ आणि नाव मोठ्याने वाचायला सांगावे: कोणी, किती वाजता बदल केला. काही जणांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो भाव उमटतो तो पाहण्यासारखा असतो, कारण आपले प्रत्येक संपादन नावानिशी नोंदले जाते हे त्यांना त्या क्षणी कळते. यावर प्रश्न आले तर टाळू नयेत. नोंद का ठेवली जाते आणि ती कोणाला दिसते, हे सरळ सांगावे.

चौथी फेरी सर्वांत मोलाची आहे. ‘पाहुणा’ नावाचे तिसरे खाते आधीच तयार ठेवलेले असते आणि त्याला त्या फोल्डरची परवानगी नसते. जोडीतल्या एकाने ‘फक्त आधीच परवानगी असलेले’ हा पर्याय निवडून लिंक पाहुण्याला पाठवायची, आणि दुसऱ्याने पाहुण्याच्या खात्यातून ती उघडायची. ‘तुम्हाला परवानगी हवी’ असे पान येते. हे पान बहुतेकांनी आजवर अनेकदा पाहिलेले असते आणि त्यावर चिडून पाठवणाऱ्याला फोन केलेला असतो. पण आपण पाठवलेली लिंक समोरच्याला अशी दिसते, हे त्यांनी पाहिलेले नसते. मग पाहुण्याने परवानगी मागायची, मालकाने आपल्याकडे आलेली विनंती शोधून ती द्यायची, आणि शेवटी परवानगी काढूनही घ्यायची. काढून घेण्याचा टप्पा प्रशिक्षक नेहमी गाळतात. देणे सगळ्यांना जमते; दिलेले कोणाकोणाकडे आहे हे शोधून परत घेणे मात्र शिकवावे लागते.

शिकवताना

पडद्यावर काही दाबण्याआधी त्याचे नाव आणि जागा तोंडाने सांगावी: ‘आता मी उजवीकडे वर असलेल्या शेअर या बटणाकडे जातो आहे.’ मग थांबावे आणि त्यानंतर दाबावे. आपल्याला हे हास्यास्पद वाटेल इतके संथ वाटते, पण मागच्या रांगेतल्या माणसाला मेनू वाचायला तेवढाच वेळ लागतो. माउस हलवत बोलू नये. समोरच्यांची नजर त्याच्यामागे फिरत राहते. अक्षरे मोठी करावीत, आपल्या सूचना बंद ठेवाव्यात, आणि कळफलकाच्या शॉर्टकटने काम करण्याची सवय वर्गात सोडून द्यावी, कारण शॉर्टकट वापरला की पडद्यावर काय झाले हे कोणालाच दिसत नाही.

‘जमले का?’ हा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. त्याऐवजी ज्याचे उत्तर पडद्याकडे पाहिल्याशिवाय देता येत नाही, असा प्रश्न विचारावा: ‘तुमच्या फाईलच्या वर आता कोणाचे नाव दिसते आहे?’ जो अडकला आहे तो यात लगेच कळतो आणि त्याला स्वतःहून कबूल करावे लागत नाही. अडकलेल्याच्या हातातला माउस आपण घेऊ नये. बोटाने दाखवावे, शब्दांनी सांगावे, पण हात त्याचाच असू द्यावा. आपण चार वेळा दाबून दिले, तर पडद्यावरची अडचण सुटते, त्याला मात्र काहीच येत नाही.

एका वेळी किती सांगावे याचे भान ठेवायला मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये मांडलेला बोधात्मक भाराचा विचार उपयोगी पडतो. नवशिक्याच्या डोक्यात एका वेळी थोड्याच गोष्टी मावतात, आणि बटण शोधण्यातच ती जागा भरली तर कल्पना समजून घ्यायला जागा उरत नाही. त्यामुळे पहिले उदाहरण पूर्ण सोडवून दाखवावे, दुसऱ्यात शेवटचा टप्पा त्यांच्यावर सोपवावा, आणि मगच सगळे त्यांच्या हाती द्यावे.

वर्गातल्या माणसांबद्दल थोडे. वरिष्ठ अधिकारी हाताखालच्या लोकांसमोर अडखळायला तयार नसतात. जमले तर त्यांच्यासाठी अर्ध्या तासाचे वेगळे सत्र आधी घ्यावे, म्हणजे मुख्य वर्गात त्यांना थोडे येत असते आणि त्यांचा विरोध मावळतो. सगळे येणारा एक जाणकार प्रत्येक वर्गात असतो आणि तो पुढचे पुढचे प्रश्न विचारून गाडी रुळावरून काढतो. त्याला शेजारच्याला मदत करण्याचे काम द्यावे. खरी काळजी गप्प बसणाऱ्याची घ्यावी. सामाईक फाईलमध्ये आपण टंकत असताना होणाऱ्या चुका सगळ्यांना दिसतील, ही त्याची भीती असते, आणि ती भीती खोटी नाही. कच्चे लेखन आधी स्वतःच्या जागेत करून मग सामाईक ठिकाणी हलवायला काहीच हरकत नाही, असे त्याला स्पष्ट सांगावे. ही मुभा मिळाली की असे लोक सामाईक फाईल अधिक वापरू लागतात, असे मी वारंवार पाहिले आहे.

वर्ग ऑनलाईन असेल तर सूचना पाहायची खिडकी आणि सराव करायची खिडकी एकाच छोट्या पडद्यावर येतात आणि लोक गोंधळतात. दुसरे उपकरण जवळ ठेवायला आधीच कळवावे, बारापेक्षा जास्त माणसे घेऊ नयेत, आणि चॅटमधले प्रश्न पाहायला एक सहकारी जरूर ठेवावा.

गटाचा करार

सत्राची शेवटची वीस मिनिटे सॉफ्टवेअर बाजूला ठेवावे आणि गटाला एक पान लिहायला सांगावे. त्यात त्यांनी स्वतःच ठरवायचे असते: तातडीचा निरोप कुठे टाकायचा, चर्चा कुठल्या चॅनेलमध्ये करायची, चॅटमध्ये काय टाकायचे नाही, ईमेल कशासाठी राखून ठेवायचा, फाईलला नाव कसे द्यायचे, आणि सुट्टीच्या वेळी आलेल्या निरोपाला उत्तर अपेक्षित आहे का. प्रशिक्षकाने इथे आपली पसंती लादू नये, पण संदिग्ध वाक्य मात्र सोडू नये. ‘फाईली व्यवस्थित ठेवाव्यात’ हे वाक्य निरुपयोगी आहे; ‘मासिक अहवाल फक्त अहवाल चॅनेलच्या फोल्डरमध्ये राहील आणि त्याच्या नावात तारीख वर्षापासून सुरू होईल’ हे वाक्य उद्यापासून पाळता येते. हे पान चॅनेलच्या वर सर्वांना दिसेल असे लावून ठेवावे. गटाचा प्रमुख या चर्चेला हजर नसेल, तर मी ती घेत नाही, कारण त्याने पाळले नाही तर ते पान आठवडाभरही टिकत नाही.

वर्गानंतर

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. शिकलेल्यातला मोठा भाग पहिल्या काही तासांत आणि दिवसांत निसटतो, हे त्यातून दिसले. कामाचे कौशल्य म्हणजे निरर्थक अक्षरगट नव्हेत, तरीही एका दिवसाचा मोठा वर्ग घेऊन निघून जाणाऱ्या प्रशिक्षकाने विसरण्याचा हा वेग डोळ्यांसमोर ठेवावा. सहा तासांचा एक दिवस घेण्याऐवजी दीड तासाची चार सत्रे, मध्ये आठवड्याचे अंतर ठेवून, घेता आली तर आग्रह धरावा. ते शक्य नसेल तर निदान दोन आठवड्यांनी एका तासाची प्रश्नोत्तरांची बैठक ठेवावी, आणि तिला येताना प्रत्येकाने आपली खरी अडलेली फाईल आणावी. या बैठकीत मी एका तासात जितके शिकवतो तितके पहिल्या दिवशी तीन तासांत शिकवू शकत नाही, कारण आता प्रश्न त्यांचे असतात.

परिणाम मोजण्यासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या अजून वापरात आहेत: प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन आणि परिणाम. बहुतेक प्रशिक्षण पहिल्या पायरीवर, म्हणजे अभिप्रायाच्या फॉर्मवरच थांबते. आपल्या विषयात तिसरी पायरी पाहणे फार सोपे आहे, कारण वर्तनाच्या खुणा सॉफ्टवेअरमध्येच उमटतात. महिन्याभराने गटाच्या संमतीने त्यांच्या चॅनेलचे फोल्डर उघडून पाहावे. तिथे एकाच अहवालाच्या पाच प्रती आहेत की एकच फाईल आहे आणि तिला तीस आवृत्त्यांचा इतिहास आहे? पहिले दिसले तर आपला वर्ग लागू पडलेला नाही, फॉर्मवर काहीही लिहिलेले असो.

स्वतःची तयारी

ही सॉफ्टवेअर महिन्या-महिन्याला बदलतात. बटणाची जागा बदलते, नाव बदलते, एखादी सोय दुसऱ्या ॲपमध्ये जाते. म्हणून पडद्याच्या चित्रांनी भरलेली जाडजूड पुस्तिका बनवू नये. ती छापेपर्यंत शिळी होते आणि चित्र जुळले नाही की शिकणारा स्वतःवरच शंका घेतो. त्याऐवजी तीन प्रश्न आणि त्यांची त्या गटापुरती उत्तरे असलेले एकच पान द्यावे, आणि दाखवायची गोष्ट तीन मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये ठेवावी, म्हणजे बदल झाल्यास तेवढेच रेकॉर्डिंग नव्याने करता येते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीची पुढील बदलांची अधिकृत यादी महिन्यातून एकदा वाचावी. प्रमाणपत्रांचा उपयोग मर्यादित पण खरा आहे: मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणित प्रशिक्षक योजनेत तांत्रिक प्रमाणपत्राबरोबर शिकवण्याच्या कौशल्याचा पुरावाही मागितला जातो आणि सदस्यत्वाचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. काम मिळवताना त्याची मदत होते. वर्ग कसा घ्यावा हे मात्र दुसऱ्या चांगल्या प्रशिक्षकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसूनच शिकता येते.

प्रत्येक सत्रानंतर त्याच दिवशी, दमलेले असतानाही, वर्गात आलेले प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत लिहून ठेवावेत. ‘परवानगीची साखळी कशी तुटते’ असे आपल्या भाषेत लिहू नये. ‘मी पाठवले तर तिला दिसत नाही, पण साहेबांना दिसते, असे का?’ असे लिहावे. पुढच्या वर्गाची सुरुवात त्या वहीतल्या सर्वांत जास्त वेळा आलेल्या प्रश्नाने करावी, आणि तो फळ्यावर लिहिताना शब्द तेच ठेवावेत.